सवतीचा आकडा

राहीबाईंनी कच्ची पपई विळीवर धरली, एका दमात तिच्या दोन फोडी केल्या आणि मान वर न करता विचारलं,

"काय म्हनते गो माझी सवत?"

मांडवात बसलेल्या बायका खो खो हसल्या. लसूण सोलत बसलेल्या कमळच्या हातातली पाकळी निसटून परातीबाहेर गेली.

"बरी आहे," ती म्हणाली.

"बरी म्हंजे? खाते-पिते ना नीट?"

"खाते."

"खाईल न्हाय तर काय! माझंच खाऊन गेलीय ती."

अंगणात चुलाणासाठी लाकडं फोडत असलेले राहीबाईंचे यजमान तुळशीराम कुऱ्हाड टेकवून उभे राहिले. "कमळे, तिला म्हनावं, घरधनी लय आठवन काढतो. एक हितं, एक मुंबयला. चार मागांवर दोन बायका कशा पोसायच्या, त्याचा इचार करतोय म्हनावं."

पुन्हा हशा पिकला. भिवंडीच्या कामतघर वस्तीत या सवतीची गोष्ट ठाऊक नाही असं घर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी राहीबाईंच्या डाव्या गालात गाठ निघाली. तीस वर्षं मशेरी लावलेली, मग दुसरं काय होणार! मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गाठ काढली, तिच्याबरोबर जबड्याचा थोडा भाग आणि त्या बाजूचे सगळे दातही गेले. बी.एस्सी. झालेली त्यांची भाची कमळ तेव्हा सोबतीला होती. काढलेल्या गाठीचा शेंगदाण्याएवढा तुकडा तिथल्या प्रयोगशाळेत नेला आणि त्यातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढायला ठेवल्या. असे तुकडे पुष्कळ ठेवतात, आठ-पंधरा दिवसांत बहुतेक मरून जातात. राहीबाईंच्या पेशी मेल्या नाहीत. एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. पुढे त्याच प्रयोगशाळेत कमळला नोकरी लागली आणि आत्याच्या पेशी सांभाळायचं काम भाचीकडेच आलं.

तिने हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा राहीबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली होती. मग म्हणाल्या होत्या, "म्हंजे मी हितं भाकरी थापायच्या आनि माझंच मांस तिथं बसून आयतं खानार? मंग ती सवतच झाली की!" तेव्हापासून तिचं नाव सवत पडलं. प्रयोगशाळेच्या वहीत तिला नुसता नंबर होता.

आज राहीबाईंच्या मुलाची, अनंताची हळद होती. घरचे चारही माग बंद होते. शेजारच्या मागांची खडखड मात्र चालूच होती, कारण कामतघरात सुट्टी शुक्रवारची आणि आज रविवार. दाराशी मांडव पडला होता, संध्याकाळच्या जेवणासाठी मटणाचे टोप चुलाणाजवळ येऊन बसले होते, आणि राहीबाई सकाळपासून कुणाला उसंत देत नव्हत्या. एकीकडून बसलेल्या गालामुळे त्यांचं हसू तिरपं पडायचं, पण आवाजात काही फरक पडला नव्हता. तो आवाज मागांच्या वरून जायचा.

कमळ मान खाली घालून लसूण सोलत होती. एरवी सवतीचा विषय निघाला की ती खुलायची, बाटल्या कशा बदलल्या, पेशी कशा चिकटल्या ते हातवारे करून सांगायची. या महिन्यात तिचं तोंड त्या विषयाला उघडतच नव्हतं. तिला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती, की आपली आत्या आता फार दिवस राहणार नाही.

त्याला कारण एक आकडा होता. कॅन्सरच्या पेशी एक रस सोडतात आणि त्या रसाने भोवतालचं प्रथिन फुटतं. कुठल्या पेशीचा रस किती जोराचा, ते कमळ मोजत होती. दुधातलं प्रथिन पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचं, त्यात पेशींचा रस घालायचा, तासाभराने किती प्रथिन फुटलं ते यंत्रावर बघायचं. तीन जणांच्या पेशी मोजून झाल्या होत्या. कुणाचा आकडा वीस आला, कुणाचा सत्तावीस, कुणाचा एकतीस. मग राहीबाईंची पाळी आली. पहिल्या खेपेला नऊ आला. दुसऱ्या खेपेला एक्केचाळीस. कमळचा विश्वास बसेना, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं, चौथ्यांदा मोजलं. त्रेचाळीस, बेचाळीस. तीन आकडे एका बाजूला आणि एक एकटाच. तिने वहीतला नऊ स्वतःच्या हाताने खोडला. तिच्या वरच्या मिस्त्रीबाई वही बघून म्हणाल्या होत्या, "ही तर सगळ्यांत खादाड निघाली. जेवढा रस जोराचा, तेवढी गाठ पसरायची भीती जास्त, असा आपला अंदाज." त्यांना या कुणाच्या पेशी ते माहीत नव्हतं. कमळला माहीत होतं.

गाठ काढली खरी, पण एखादी खादाड पेशी आधीच निसटून आत कुठेतरी गेली असली तर? हा प्रश्न घेऊन ती महिनाभर दर शनिवारी एसटीने भिवंडीला येत होती आणि सोमवारी तसाच परत नेत होती. कुणाला सांगणार? मंगळवारी तो आकडा अहवालात कायमचा चढणार होता.

"ताई, पण तू तिथं करतेस तरी काय गं?" गोदूने विचारलं. गोदू राहीबाईंची धाकटी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला सगळंच जाणून घ्यायचं असायचं. "बाटल्या धुतेस का?"

"बाटल्याही धुते," कमळ म्हणाली. "आणि मोजते. त्या पेशी एक रस सोडतात. त्या रसाने आजूबाजूचं मांस सैल पडतं, मऊ होतं. मग त्यातून वाट काढत त्या पुढे जातात. तो रस किती, ते मोजायचं."

"मांस मऊ होतं?" राहीबाईंनी विचारलं.

"हो."

"शिजवल्याबिगर?"

"शिजवल्याशिवाय."

"हात्तिच्या!" राहीबाई म्हणाल्या. "त्याला यवढी बी.एस्सी. कशाला पायजे? हे तर पपईचं काम!"

आणि त्यांनी पपईचा कीस भरलेलं पांढरं फडकं परातीवर उंच धरून सर्वांना दाखवलं आणि करकचून पिळलं. दुधाळ पाणी मटणावर पडलं. "शेजारच्या हलीमाखालानं शिकवलं मला. म्हनली, राहीबाई, दाँत नहीं तो क्या हुआ, कच्चा पपीता डालो और देखो. तवापासून दर रविवारी घालते. दीड-दोन सालं मी नुसता रस्सा पीत होते गो, आता बोटानं तुटंल असं मटन खाते. आज तर साऱ्या वऱ्हाडालाच खाऊ घालते. कीस तेवढा मटनात जाऊ द्यायचा न्हाय, तोंडात बोचतो. म्हनून असं बारीक फडक्यातनं गाळायचं."

बायका माना डोलवत होत्या. कमळ फडक्याकडे बघत होती. फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते. ते टाके तिने घातले होते.

"आत्या," ती म्हणाली, "हे फडकं कुठून घेतलंस?"

"तुझ्याच चवडीतलं हाय. अनंतानं काढून दिल्यालं मलमल. यवढं बारीक दुसरं हाय कुठं घरात?"

ते खरंच होतं. प्रयोगशाळेत गाळायच्या कागदाची नेहमी मारामार. म्हणून अनंताने मागावर मुद्दाम दाट, बारीक मलमल काढून दिलं होतं आणि दुधाचं प्रथिन त्यातून इतकं सुंदर गाळलं जायचं, की मिस्त्रीबाईंनी कौतुक केलं होतं. दर शनिवारी कमळ ती फडकी घरी आणायची आणि राहीबाई ती धुऊन, वाळवून, घडी करून द्यायच्या. साबण लावायचा नाही, नुसतं खळखळून उकळायचं, एवढीच अट.

"यातून पपई गाळतेस तू? कधीपासून?"

"अनंताच्या साखरपुड्यापासून. तवाच तर खालानं सांगितलं. आनि धुते की मागाहून! तीन पान्यांनी धुते."

"उकळून ना?"

"उकळतात व्हय?" राहीबाईंनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पपईचा चीक हाय तो. उकळला की डाग पक्का बसतो, जनमभर निघत न्हाय. थंड पान्यातच धुवायचं. तुला डागाळलेलं फडकं देईन काय मी? तिथं मोठ्या मोठ्या बाया बघतात."

कमळने लसणाची परात बाजूला सारली. उकळलं की पपईचा जोर मरतो, थंड पाण्यात तो फडक्यातच राहतो. साखरपुडा पाच आठवड्यांपूर्वी झाला होता. नऊ हा आकडा त्याच्या आदल्या दिवशीचा होता. एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, तिन्ही त्यानंतरचे. म्हणजे नळीत दुधाचं प्रथिन फुटत होतं ते आत्याच्या पेशींमुळे की आत्याच्या पपईमुळे? तुलनेसाठी ठेवलेली कोरी नळीही काही बोलली नव्हती, कारण तिच्यात प्रथिन फुटणं थांबवणारं आम्ल सुरुवातीलाच पडायचं आणि पपईला तोंड उघडायला वेळच मिळायचा नाही.

ती उठून उभी राहिली. परत बसली. परत उठली.

"हिला काय मुंग्या चावल्या?" तुळशीराम म्हणाले.

"आत्या, तुझा छातीचा फोटो आहे ना? इस्पितळातला, काळा?"

"हाय की, फडताळात. कशाला?"

"मला कापायचाय."

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हळदीच्या दिवशी हे काय भलतंच! राहीबाईंनी क्षणभर भाचीचं तोंड निरखलं आणि म्हणाल्या, "काप. छाती माझी हाय, कोनाला इचारायचंय?"

गोदूने धावत जाऊन एक्स-रे आणला. त्या काळ्या फिल्मवर सरसासारखा एक पातळ थर असतो आणि सगळं काळेपण त्या थरात धरलेलं असतं. तो थरही प्रथिनाचाच. प्रथिन खाणारा रस वर पडला की थर सुटतो, काळं निघून जातं आणि खालचं पारदर्शक पान उरतं. कमळने खांद्याकडची एक पट्टी कापून पाटावर ठेवली. मग ती आत गेली आणि सोमवारी न्यायला म्हणून आत्याने घडी करून ठेवलेलं फडकं घेऊन आली. तीन पाण्यांनी धुतलेलं, पांढरंशुभ्र, बघून कुणी नाव ठेवणार नाही असं. ते तिने वाटीभर कोमट पाण्यात बुडवून थोडा वेळ ठेवलं आणि पिळलं.

पट्टीवर तिने तीन थेंब ठेवले. एक साध्या पाण्याचा, एक पपईच्या चिकाचा आणि मधला त्या वाटीतल्या पाण्याचा.

"माझा पन एक ठेव," तुळशीराम म्हणाले आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी बोटाने आपली थुंकी चौथ्या जागी लावली. "बघू तरी, घरधन्याच्या अंगात किती जोर हाय."

"शी, बाबा!" गोदू ओरडली.

पट्टीवर खोलगट ताटली पालथी झाकून पाट उन्हात ठेवला. दुपारचं ऊन चांगलं तापलं होतं. एक तास थांबायचं होतं आणि तो तास कमळने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. तिने उरलेला लसूण सोलला, कुणी न सांगता कांदे चिरले, दोनदा जाऊन झाकण उचलून पाहिलं आणि दोनदा गोदूचा ओरडा खाल्ला. तोवर पाटाची बातमी गल्लीभर झाली होती. हलीमाखाला भिंतीवरून डोकावून विचारून गेल्या, "क्या पक रहा है पाट पे?" अनंता स्वतः, हळद लागायची वेळ झालेला नवरा मुलगा, बाशिंगाचं सामान टाकून येऊन उभा राहिला होता.

तासाने कमळने पट्टी उचलली आणि पिंपाच्या नळाखाली धरली.

पपईच्या जागचं काळं सरसर वाहून गेलं. तिथून पलीकडचा मांडव दिसला. साध्या पाण्याची जागा होती तशी काळी राहिली. मधल्या थेंबाच्या जागी आधी करडा डाग दिसला. कमळने अंगठ्याने हलकेच चोळलं आणि रुपयाएवढं स्वच्छ भोक उघडलं. त्यातून तिला आत्याच्या कपाळावरचं कुंकू दिसलं.

"आनि माझं?" तुळशीरामांनी विचारलं.

चौथी जागा काळीकुट्ट होती.

"मामा, तुमच्या थुंकीत काही दम नाही," कमळ म्हणाली.

"तीस वर्सं मी दुसरं काय सांगते!" राहीबाई म्हणाल्या आणि मांडव हसून हसून आडवा झाला.

कमळ हसली नाही. तिने पट्टी पाटावर टाकली. मग ती जी सुटली ती सुटलीच.

"तुला सांगितलं होतं ना उकळ म्हणून? दहा वेळा सांगितलं होतं! डाग पडला तर पडू दे, तुला काय करायचं होतं? सगळं आपल्याच मनाचं! कधी कुणाचं ऐकशील तर शपथ! माझं महिन्याभराचं काम पाण्यात गेलं, कळतंय का तुला? तीनदा मोजलं मी, तीनदा! आणि खरा होता तो पहिला नऊ, तो मी खोडून टाकला, तुझ्या या पपईपायी! महिनाभर मला झोप नाही, महिनाभर मी..."

ती थांबली. पाहुण्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. हळदीच्या मांडवात, नवऱ्या मुलाच्या आईला कुणी असं बोलतं?

राहीबाई मात्र हसत होत्या. तेच ते तिरपं हसू, पण सगळ्या तोंडभर.

"आता कशी बोललीस!" त्या म्हणाल्या. "आता माझी भाची वाटलीस. महिनाभर काय?"

कमळ पाटावरची पट्टी उचलायला वाकली.

"मी सांगू?" राहीबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले आणि तिला दंडाला धरून खांबाआड नेलं. आवाजही खाली आणला, जो त्यांनी एरवी कधी आणला नसता. "महिनाभर तू मला एकदा उलट बोलली न्हाईस. मीठ जास्त पडलं तरी खाल्लंस. मशेरीचा डबा दिसला तरी वरडली न्हाईस, नुसती बघत ऱ्हायलीस. आनि दर सोमवारी जाताना पाया पडत व्हतीस. जित्या मानसाच्या यवढ्या पाया कोन पडतं गो?"

कमळने खांबाला पाठ टेकली.

"तवाच वळखलं मी, सवतीनं काय तरी सांगितलंय हिला. नायतर वैशाखातलं लगीन मी मार्गशीर्षात ओढलं असतं काय? साऱ्यांना सांगितलं, वैशाखात पानी नसतं भिवंडीत. व्याह्यांशी भांडले, कापड घाईत घेतलं. म्हनलं, निदान अनंताची हळद तरी आपल्या हातानं लावू."

मांडवात कुणीतरी गाणं धरलं होतं, दुसऱ्या ओळीवर ते अडखळलं आणि बायका शब्द आठवत बसल्या.

"तू मला विचारलं का नाहीस?" कमळ म्हणाली.

"तू सांगितलं का न्हाईस?"

राहीबाईंनी तिचा दंड सोडला. मग राहीबाईंनी विचारलं. हा आवाज कमळने कधी ऐकला नव्हता, इस्पितळात गुंगीचं औषध देण्याआधीसुद्धा नाही.

"कमळे, खरंच नऊ हाय का गो?"

"तो एकच धड फडक्यातून मोजलाय. मंगळवारी नवीन मलमलातून पुन्हा मोजते. पण आत्या, आतापर्यंत सगळ्यांत कमी तुझाच आहे. वीसच्या खाली दुसऱ्या कुणाचाच नाही."

"सगळ्यांत कमी."

"सगळ्यांत."

राहीबाईंनी पदराने एकदा तोंड पुसलं, खाकरल्या आणि खांबाआडून बाहेर येत अशा ओरडल्या, की पलीकडच्या घरातला मागवाला दारात आला.

"ऐकलं का वो! तुमची मुंबयची बायको लय आळशी निघाली! साऱ्यांत कमी खाते! लगीन घाईघाईत काढलं त्ये उगाच, मी काय येवढ्यात जात न्हाय!"

मांडवात हशा उसळला. निम्म्या बायकांना काही कळलं नव्हतं, तरी त्या हसल्या. गोदूने कमळला मिठी मारली. सगळ्यांनी चुलाणाकडे माना वळवल्या, कारण आता तुळशीरामांचा टोला येणार हे ठरलेलं होतं.

टोला आला नाही. हातातलं लाकूड त्यांनी जपून खाली ठेवलं, मग तिथेच ओंडक्यावर बसले, टोपी काढली आणि तिच्यात तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते. महिनाभर सवतीच्या नावाने सगळ्यांत जास्त थट्टा त्यांनीच केली होती.

"धूर लागला वाटतं बाबांना," अनंता म्हणाला आणि पुढे निघाला.

राहीबाईंनी त्याला हाताने अडवलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "तू पाटावर बस. हळद वाटून झालीय."